बंदीनंतरचा सीएफसी-११ : पूर्व चीनमधील बेकायदा उत्सर्जनाचे प्रकरण

१ जानेवारी २०१० पासून सीएफसी-११ या क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) गटातील वायूचे उत्पादन जगातील कोणत्याही देशाने करावयाचे नाही, असे ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या माँट्रियल कराराने ठरलेले होते आणि कागदोपत्री ते तसे घडलेही होते. विकसित देशांनी ही बंदी १९९६ मध्येच अमलात आणली होती. विकसनशील देशांना दिलेली जास्तीची मुदत २००९ च्या अखेरीस संपली. त्यानंतर सदस्य देश दरवर्षी सादर करीत असलेल्या आकडेवारीत या वायूच्या उत्पादनासमोर जवळजवळ शून्यच लिहिले जात होते. असे असतानाही मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनातील (नोआ) स्टीफन मॉन्त्झ्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला आणि २०१२ नंतर जगात कोठेतरी या वायूचे उत्सर्जन वर्षाला सुमारे १३ हजार टनांनी वाढले असल्याचे दाखवून दिले. ही वाढ आधीच्या उत्सर्जनाच्या सुमारे पंचवीस टक्के होती. जो पदार्थ कोणी तयारच करीत नाही त्याचे उत्सर्जन वाढावे कसे, या प्रश्नाचा माग पुढील तीन वर्षे घेतला गेला. ओझोन थराचा ऱ्हास आणि हरितगृह परिणाम हे दोन्ही विषय एकाच वायूच्या निमित्ताने एकत्र पाहता येतात, म्हणून हे प्रकरण अभ्यासासाठी निवडले आहे.

वायू एक, परिणाम दोन

सीएफसी-११ च्या रेणूत एक कार्बन, तीन क्लोरीन आणि एक फ्लोरीन अणू असतो. तो सुमारे २४ अंश सेल्सिअसला उकळतो, पेट घेत नाही, त्याची विषारीता कमी आहे आणि तो सहजासहजी कशाशी अभिक्रियाही करीत नाही. कारखानदाराला हे सर्व गुण हवेहवेसे वाटतात, पण या शेवटच्या गुणामुळेच तो वातावरणात सरासरी पन्नासएक वर्षे टिकून राहतो. पावसाने तो धुऊन निघत नाही, जमीन वा समुद्र त्याला फारसे शोषून घेत नाहीत. हळूहळू वर चढत तो स्थितांबरात, म्हणजे ओझोन थर असलेल्या वातावरणाच्या वरच्या स्तरात, पोहोचतो आणि तेथील तीव्र अतिनील किरणांनी फुटतो. सुटा झालेला क्लोरीन अणू ओझोनच्या रेणूतील एक ऑक्सिजन अणू काढून घेतो, पुढच्या अभिक्रियेत तो सोडून देतो आणि पुन्हा दुसऱ्या ओझोन रेणूकडे वळतो. स्वतः न संपता हा एक अणू हजारो, काही अंदाजांनुसार लाखभर, ओझोन रेणू नष्ट करू शकतो. हे गणित मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा तेथील वसंत ऋतूत ओझोन किती मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो हे जगाला कळले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला.

दुसरा परिणाम त्या मानाने कमी सांगितला जातो. पृथ्वीकडून अवकाशात जाणाऱ्या अवरक्त प्रारणाचा ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचा पट्टा असा आहे की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तेथे फारसे शोषण करीत नाहीत. उष्णता बाहेर जाण्याची ती जणू उघडी खिडकी आहे. क्लोरोफ्लुरोकार्बन नेमके त्याच पट्ट्यात शोषण करतात. ही गोष्ट १९७५ मध्ये प्रथम दाखवली ती वीरभद्रन रामनाथन यांनी. या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाची सुरुवातीची नोकरी सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर कारखान्यात होती आणि फ्रिजमधून वायू का गळतो, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. विज्ञानाच्या इतिहासात असे योग क्वचितच जुळून येतात. २००७ च्या आंतरराष्ट्रीय हवामान आढाव्यातील मोजणीनुसार शंभर वर्षांच्या कालावधीत सीएफसी-११ चा एक किलो हा सुमारे पावणेपाच टन कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीला हातभार लावतो. वर उल्लेखिलेले १३ हजार टनांचे जादा उत्सर्जन या हिशेबाने दरवर्षी सहा कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे ठरते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो शालेय उत्तरपत्रिकांपासून वर्तमानपत्रांच्या स्तंभांपर्यंत सर्वत्र आढळतो. ओझोनच्या थराला ‘भोक’ पडल्यामुळे जास्त ऊन आत येते आणि त्यामुळे पृथ्वी तापते, हे खरे नाही. ओझोन घटल्याने जमिनीवर पोहोचणारी अतिनील किरणे वाढतात आणि त्यांचे दुष्परिणाम त्वचा, डोळे, पिके व सागरी सजीवांवर होतात. परंतु ओझोन स्वतः हरितगृह वायू असल्यामुळे स्थितांबरातील त्याची घट उलट किंचित थंडाव्याकडेच झुकते. दोन्ही समस्यांमधील खरा दुवा म्हणजे त्यांच्या मुळाशी असलेला समान पदार्थ. म्हणूनच ओझोनसाठी केलेला करार हवामानासाठीही अतिशय मोलाचा ठरला. माँट्रियल कराराने टळलेले उत्सर्जन हे हरितगृह वायू कमी करण्यासाठीच्या क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्यातील उद्दिष्टाच्या कितीतरी पट अधिक होते, असे २००७ मधील एका विश्लेषणात दाखवले गेले.

आकड्यांत दिसलेली विसंगती

सीएफसी-११ चे वातावरणातील प्रमाण १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कमाल पातळीवर पोहोचले. हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे सुमारे २६८ रेणू असत. नंतर ते उतरू लागले. २००२ ते २०१२ या काळात ही उतरण वर्षाला सुमारे २.१ रेणू इतकी स्थिर होती. नव्याने भर पडत नसेल तर ती पुढेही साधारण तशीच राहावयास हवी होती, किंबहुना जुन्या साठ्यातून (जुना फोम व उपकरणे यांत अडकलेल्या वायूतून) होणारी गळती आटत जाईल तसतशी ती किंचित वेगवान व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात २०१५ ते २०१७ मध्ये ती वर्षाला सुमारे १ रेणू एवढीच उरली. प्रमाण घटतच होते, परंतु घटण्याचा वेग निम्म्यावर आला होता. सामान्य वाचकाला ‘प्रमाण कमी होत आहे’ हे वाक्य दिलासादायक वाटले असते. ज्यांनी दशकानुदशके हवेच्या नमुन्यांच्या त्याच बाटल्या भरून तीच मोजणी केली होती त्यांना ते वाक्य पुरेसे वाटले नाही, आणि या संपूर्ण प्रकरणात निर्णायक ठरलेली गोष्ट हीच आहे, असे माझे मत आहे.

मॉन्त्झ्का यांच्या गटाने थेट चोरट्या उत्पादनाचा आरोप केला नाही. प्रथम इतर शक्यता तपासण्यात आल्या. पहिली शक्यता अशी की जुन्या इमारती पाडल्यामुळे भिंतींतील व छपरांतील फोममधला वायू बाहेर पडत असावा. पण एवढी वाढ होण्यासाठी अशा साठ्यातून होणारी गळती अचानक दुपटीच्या आसपास जावी लागली असती आणि तसे घडण्याचे कोणतेही कारण दिसत नव्हते. दुसरी शक्यता अशी की स्थितांबरातून खाली येणाऱ्या हवेच्या अभिसरणात बदल झाला असावा. यात काही तथ्य निघाले आणि वाढीचा काही भाग त्याने समजावून सांगता आला. परंतु तसा बदल झाला असता तर सीएफसी-१२ सारख्या भावंड वायूंच्या आकड्यांतही तो तितक्याच ठळकपणे दिसला असता, आणि तो तसा दिसत नव्हता. शिवाय उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील प्रमाणात जो फरक असतो तो २०१२ नंतर वाढू लागला होता. दोन्ही गोलार्धांतील हवा एकमेकींत मिसळण्यास साधारण वर्ष लागते, त्यामुळे फरक वाढणे म्हणजे उत्तरेकडे नवा स्रोत निर्माण होणे. हवाईतील मौना लोआ केंद्रावर जी हवा पूर्व आशियाकडून येते, तिच्यात सीएफसी-११ इतर औद्योगिक वायूंसोबत वाढलेला आढळला, त्यामुळे बोट त्या दिशेने गेले. मात्र देश कोणता, हे मौना लोआवरून ठरवता येत नव्हते. ते केंद्र त्यासाठी फार दूर आहे.

गोसान येथील शिखरे

पुढचा पुरावा दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील गोसान केंद्रातून मिळाला. बेटाच्या पश्चिम टोकावर समुद्रालगत हे केंद्र आहे. तेथील स्वयंचलित यंत्र दर दोनेक तासांनी हवेचा नमुना खेचते, अतिशय कमी तापमानावर त्यातील विरळ वायू गोळा करते आणि मग ते एकेक करून वेगळे मोजते. वारा प्रशांत महासागरावरून येत असेल तेव्हा नोंदींची रेषा सपाट असते. वारा वळून पिवळ्या समुद्रापलीकडून येऊ लागला की रेषेवर उंच शिखर उमटते आणि एकदोन दिवसांनी ते ओसरते. अशी शिखरे आधीच्या वर्षांतही होती, कारण चीनमध्ये जुना फोम आणि जुनी उपकरणे होतीच. २०१३ पासून ती उंचावली. जपानच्या दक्षिणेकडील हातेरुमा बेटावरील केंद्रातही पूर्व आशियातील हवेचे असेच झोत पकडले जात होते.

शिखरावरून उगमस्थान काढण्याची पद्धत अशी : नमुना घेतला त्या क्षणापासून हवामान-प्रारूपाच्या साहाय्याने हवेचा प्रवास उलट दिशेने मागे नेला जातो आणि ती हवा गेल्या काही दिवसांत कोणत्या प्रदेशावरून, जमिनीच्या किती जवळून गेली होती, हे पाहिले जाते. एका नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हजारो नमुने जुळवले की उगमाचा नकाशा तयार होतो. ब्रिस्टल विद्यापीठातील मॅथ्यू रिग्बी आणि क्युंगपुक राष्ट्रीय विद्यापीठातील सनयंग पार्क यांच्यासह अनेक संशोधकांनी हे काम चार स्वतंत्र प्रारूपांनी केले आणि मे २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्व चीनमधील उत्सर्जन २००८–२०१२ च्या तुलनेत २०१४–२०१७ मध्ये वर्षाला सुमारे ७ हजार टनांनी वाढले होते आणि ही वाढ मुख्यत्वे शांडोंग आणि हबेई या दोन प्रांतांतून होती. जागतिक वाढीपैकी किमान ४० ते ६० टक्के वाटा एवढ्याच भूभागाचा होता.

उरलेल्या वाट्याबद्दल काहीच म्हणता आले नाही, कारण जगाच्या मोठ्या भागावरची हवा अशा बारकाईने मोजणारी केंद्रेच नव्हती. पूर्व चीन ‘दिसला’ तो त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर गोसान होते म्हणून.

फोमच्या धंद्याचे अर्थकारण

हवेने ठिकाण सांगितले, पण वापर कशासाठी होत होता हे सांगितले नाही. ते लंडनस्थित ‘एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी’ या स्वयंसेवी संस्थेच्या तपासातून जुलै २०१८ मध्येच पुढे आले होते. दहा प्रांतांतील अठरा कंपन्यांनी या संस्थेकडे सीएफसी-११ वापरत असल्याची कबुली दिली होती. वापर होता पॉलियुरेथेन फोम फुगवण्यासाठी. आपल्याकडे बाजारात ज्याला नुसते ‘पफ’ म्हणतात, शीतगृहांच्या भिंतींतील पॅनेलमध्ये आणि घरातल्या फ्रिजच्या दारात जो पिवळसर, हलका, बोटाने दाबला तर चुरा होणारा पदार्थ असतो, तो हाच. दोन द्रव मिसळले की अभिक्रियेची उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने कमी तापमानाला उकळणारा तिसरा द्रव वायू बनतो आणि मिश्रण फुगते. वायू बारीक कप्प्यांत अडकून राहतो आणि उष्णता रोखतो. २४ अंशांना उकळणारा सीएफसी-११ या कामासाठी अगदी सोयीचा होता.

बंदीनंतर चिनी कारखान्यांनी एचसीएफसी-१४१बी हा पर्याय स्वीकारला होता. त्याची ओझोनहानी सीएफसी-११ च्या सुमारे दशांश असली तरी शून्य नव्हती, म्हणून करारानुसार तोही टप्प्याटप्प्याने कमी करावयाचा होता. २०१३ मध्ये विकसनशील देशांसाठी त्याच्या वापरावर मर्यादा आली. तो दुर्मीळ आणि महाग होऊ लागला. सायक्लोपेंटेनसारखा निर्धोक मानला जाणारा पर्याय ज्वलनशील आहे. त्यासाठी वायुवीजन, ठिणगीरहित विद्युत उपकरणे, गळती ओळखणारे संवेदक असा खर्च करावा लागतो. मोठ्या फ्रिज कंपन्यांना तो परवडला, माँट्रियल करारांतर्गत विकसनशील देशांसाठी असलेल्या बहुपक्षीय निधीतून त्यासाठी साहाय्यही मिळाले. इमारतींसाठी उष्णतारोधक फोम मारणारे छोटे ठेकेदार मात्र या हिशेबात बसत नव्हते. त्याच सुमारास चीनमध्ये इमारतींच्या उष्णतारोधनाची मागणी प्रचंड वाढलेली होती. कार्बन टेट्राक्लोराइड आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल उपलब्ध असेल तर सीएफसी-११ तयार करणे रासायनिक दृष्ट्या अवघड नाही. छोट्या, आडबाजूच्या आणि हलवता येण्याजोग्या कारखान्यांत तो बनवून, नावाची चिठ्ठी न लावलेल्या पिंपांतून विकला जाऊ लागला. एका ओझोनविरोधी पदार्थावरील निर्बंधाने त्याहून दहापट घातक पदार्थाला बाजार मिळवून दिला, हा या प्रकरणातील सर्वांत त्रासदायक भाग आहे. आणि तो करारातील दोष म्हणण्यापेक्षा पर्यायाच्या किमतीचा विचार छोट्या वापरकर्त्यापर्यंत न पोहोचल्याचा दोष आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

येथे एक तांत्रिक मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो. हवेत मोजले जाते ते उत्सर्जन, उत्पादन नव्हे. फोम तयार होताना काही वायू तत्काळ निसटतो, बाकीचा कप्प्यांत राहतो आणि वर्षानुवर्षे झिरपत राहतो. म्हणजे उत्सर्जनाच्या वाढीमागील खरे उत्पादन त्याहून बरेच अधिक असले पाहिजे आणि त्याचा मोठा भाग आजही भिंतींत बसून आहे. त्याचे प्रमाण किती, यावर संशोधकांचे अंदाज बरेच वेगवेगळे आहेत.

चीनची कारवाई आणि त्यानंतरचे आकडे

चीनच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१८ च्या मध्यापासून फोम कारखान्यांवर देशव्यापी तपासणी मोहीम हाती घेतली. हनान आणि लिआओनिंग प्रांतांत बेकायदा उत्पादनाची ठिकाणे सापडली व ती बंद करण्यात आली, तथापि हाती लागलेला माल मोजक्या टनांचा होता आणि हवेतील हजारो टनांशी त्याचा मेळ बसत नव्हता. त्यामुळे चीनची अधिकृत भूमिका प्रारंभी ‘समस्या किरकोळ आहे’ अशीच राहिली. मार्च २०२० मध्ये झेजियांग प्रांतातील देचिंग येथील न्यायालयाने एका उष्णतारोधक-साहित्य कंपनीला ७ लाख युआन दंड ठोठावला आणि तिच्या प्रतिनिधीला दहा महिन्यांचा कारावास दिला. या एकाच कंपनीने २०१७ ते २०१९ या काळात ८४९ टन सीएफसी-११ विकत घेतला होता. किरकोळ समस्येत एकाच गिऱ्हाईकाकडे एवढा माल जात नाही.

कारवाईतील अधिक परिणामकारक भाग मात्र न्यायालयाबाहेरचा होता. सीएफसी-११ चा कच्चा माल असलेला कार्बन टेट्राक्लोराइड हा क्लोरोमिथेन कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून निघतोच. शेकडो लपलेल्या फोमवाल्यांच्या मागे धावण्यापेक्षा या मोजक्या, मोठ्या आणि परवाना असलेल्या कारखान्यांत कार्बन टेट्राक्लोराइडची सतत यांत्रिक नोंद ठेवणे सोपे होते, आणि सरकारने तो मार्ग धरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्येच दोन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. पूर्व चीनमधील उत्सर्जन २०१४–२०१७ च्या तुलनेत २०१९ मध्ये वर्षाला सुमारे १० हजार टनांनी खाली येऊन जवळपास ५ हजार टनांवर, म्हणजे वाढ सुरू होण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली, पोहोचले होते. जागतिक उत्सर्जन २०१८ ते २०१९ या एकाच वर्षात सुमारे १८ हजार टनांनी घटून ५२ हजार टनांच्या आसपास आले. घट चीनच्या वाट्याहून मोठी असल्याने ती इतरत्रही झाली असली पाहिजे, पण ती कोठे, याचे उत्तर पुन्हा तेच : तेथे मोजणारे केंद्र नाही.

उत्सर्जन तसेच चालू राहिले असते तर ओझोन थर पूर्ववत होण्यास बराच विलंब झाला असता. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या वैज्ञानिक आढाव्यानुसार सध्याची धोरणे कायम राहिल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या सुमारास आणि उर्वरित जगात २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

भारताच्या दृष्टीने

भारताने क्लोरोफ्लुरोकार्बनांचे उत्पादन मुदतीपूर्वी, २००८ मध्येच, थांबवले आणि एचसीएफसी-१४१बी चा फोम उद्योगातील वापर १ जानेवारी २०२० पासून बंद केला. २०१६ च्या पावसाळ्याच्या सुमारास उत्तर भारतावर विमानातून घेतलेल्या नमुन्यांच्या विश्लेषणातही सीएफसींचे उत्सर्जन अल्पच आढळले. परंतु एका हंगामातील काही उड्डाणे ही गोसानसारख्या अखंड नोंदीची जागा घेऊ शकत नाहीत. जुना साठा आपल्याकडेही आहे : २००० पूर्वीच्या फ्रिजच्या भिंतींत सीएफसी-११ ने फुगवलेला फोम असतो, आणि भंगारवाला पत्रा व तांब्याची नळी काढून घेण्यासाठी तो फ्रिज फोडतो तेव्हा कप्प्यांतील वायू कोणत्याही नोंदीत न येता निघून जातो. नाशिक परिसरातील द्राक्षांच्या शीतगृहांपासून नव्या औषध गोदामांपर्यंत पफ पॅनेलची मागणी वाढती आहे. त्यांतील फुगवणारा वायू कोणता, हे खरेदीच्या वेळी विचारणारा ग्राहक मात्र विरळाच आढळतो.

याहून थेट संबंध एका दुसऱ्या वायूचा आहे. एचसीएफसी-२२ तयार करताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. तो ओझोनला हात लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा बारा हजार पटींहून अधिक उष्णता रोखतो. १५ ऑक्टोबर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंनाही माँट्रियल कराराच्या कक्षेत आणले, आणि त्याच महिन्यात भारत सरकारने एचएफसी-२३ जाळून नष्ट करण्याचा आदेश देशातील उत्पादकांना दिला. चीन व भारताने कळवलेल्या उपाययोजना जमेस धरल्या तर २०१४ ते २०१७ या काळात जागतिक उत्सर्जन सुमारे ८७ टक्क्यांनी घटावयास हवे होते. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत २०१८ चे उत्सर्जन सुमारे १५,९०० टन, म्हणजे तोपर्यंतचे सर्वाधिक, निघाले. यातील चीनचा वाटा गोसानच्या नोंदींवरून नंतर बराचसा ठरवता आला. भारताच्या वाट्यासाठी, तो असो वा नसो, आदेशानंतरच्या काळातील तसे अखंड मोजमाप आढळत नाही, आणि म्हणून आपल्या उत्पादकांनी आदेश काटेकोर पाळला असेल तर तेही हवेच्या नोंदीने सिद्ध करून दाखवता येत नाही.